उरलेल्या नऊ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही. आता सांगते आहे, ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते मला हलकं करायचंच नाही.

टीव्ही तेव्हा नुकताच आमच्या आळीत आला होता. रत्नागिरीत भिंतीवर लावायचं चित्र म्हणजे कॅलेंडर, नाहीतर दिवंगत सासरे. माझ्या भिंतीवर मात्र मुद्राचित्रं होती — कोरलेल्या ठशावरून कागदावर छापलेली, मुंबईहून एकेक करून आणलेली, मोजक्याच प्रती निघालेली, ज्यांत ना माणूस, ना झाड. यजमान विचारत, "उलटं तर टांगलं नाहीस ना गो?" मी हसत असे. रंगाला अर्थ विचारू नये, हे मला कवितेने शिकवलं होतं.

कुमुदताई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. आमच्या परसातला फणस पडला, तेव्हा त्याची एक फळी त्यांनी मागून नेली आणि वर्षभर कोरली. वैशाखातल्या एका दुपारी माझ्याच ओटीवर पहिली प्रत उमटली. फळीवर शाई, शाईवर कागद, आणि कागदावर लाकडी चमच्याची पाठ — घासत राहायची, श्वास धरून. अळशीच्या तेलाचा उग्र, उबदार वास ओटीभर झाला. कागद हलकेच सोलून निघाला आणि — काय सांगू? काळ्याच्या पोटात आणखी काळं, आणि त्यातून उतरलेली एक कोरी चीर. आयुष्यात प्रथमच मला कुणी वाचलं होतं.

खाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, १/१०. दहांतली पहिली. ती मी घेतली. उरलेल्या नऊ सुट्टीनंतर काढायच्या होत्या. मुंबईच्या एका कलादालनाने त्या मागितल्या होत्या. कुमुदताईंचं ते पहिलंच प्रदर्शन. त्यांची खोली समुद्रालगतची, दमट — म्हणून फळी माझ्या माळ्यावर राहिली.

नऊ भिंती. नऊ अनोळखी माणसं, चहा पिता पिता माझ्या काळोखाकडे पाहणारी. हे मी सोसायला हवं होतं का? हवं होतं. सोसलं नाही.

एका सकाळी मी ती फळी न्हाणीच्या चुलीत घातली. आधी शाईने जाळ धरला, मग फणसाच्या पिवळ्या गाभ्याने. पाणी कढत तापलं. त्याच पाण्याने मी न्हायले. केसही धुतले.

कुमुदताई आल्या, तेव्हा म्हटलं, वाळवी लागली, जाळावी लागली. कोकणातल्या बाईने कोकणातल्याच बाईला हे सांगावं! फणसाच्या गाभ्याला वाळवी शिवत नाही, म्हणून तर आपण त्याच्या तुळया करतो, दारं करतो.

"फणसाला?" एवढंच त्या म्हणाल्या. कोकम सरबत शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. मग चौकटीतल्या प्रतीकडे बघत राहिल्या. मी विचारलं — होय, तेवढी निर्लज्ज मी होते — त्या १/१० मधले दहा खोडून एक लिहिता का?

"असू दे गो. उरलेल्या नऊ तुझ्यापाशीच आहेत."

मुंबईला त्यांनी नकार कळवला. तिथून पुन्हा विचारणा आली नाही. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवत त्या निवृत्त झाल्या. हळदीकुंकवाला भेटत राहिल्या, हसून. कोरायला दुसरी फळी मात्र पुन्हा कधी मागितली नाही.

कलेवरच्या प्रेमापोटी केलं, असं म्हणू? खोटं होईल. मला ते एकटीचं हवं होतं. मिळालं. प्रायश्चित्त म्हणून चित्र उतरवून ठेवावं, असंही कधी वाटलं नाही. आजही ते समोरच आहे, आणि ते पाहताना मला आनंदच होतो.

जाणकार पाहुणे काचेशी वाकून आकडा वाचतात. बाकीच्या नऊ कुठे असतात, विचारतात. ठाऊक नाही, असं मी सांगत आले.

यापुढे मी न्हाणीचं दार दाखवणार आहे.