लसणाशिवायची कढी

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात आधी हसणारी मीच. इथले अनुभव वाचतानासुद्धा मनात म्हणायचे, काय फेकतात यार लोक... आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर खुशाल हसा, मला आता फरक पडत नाही.

मी विक्रोळीला राहते. नोकरी सांभाळून रविवारी सकाळी अंधेरी पूर्वेला हेरिटेज वॉक घेते. लोकांना वाटतं मुंबईचा इतिहास म्हणजे फोर्ट नाहीतर कुलाबा, उपनगरात काय असणार कपाळ! मग मी त्यांना महाकालीची लेणी दाखवते, गावठाणाच्या गल्ल्यांतून फिरवते, एका बंगल्याच्या तळमजल्यावरचं छोटंसं म्युझियम दाखवते. शेवट एका जुन्या मालवणी खानावळीत. आसपासचे कारखाने जोरात होते तेव्हापासूनची ती खानावळ. तिथले काका किती जण ते विचारत नाहीत. दारातून आत आलेली माणसं बघायची आणि तेवढी ताटं वाढायची. वाढलेलं ताट कोणी जेवल्याशिवाय उचलायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. हे मी प्रत्येक ग्रुपला कौतुकाने सांगायचे.

आता घरचं सांगते. माझा मोठा भाऊ, महेशदादा, कुरियरच्या कामाला होता. एका सकाळी डबा घेऊन निघाला तो कामावर पोचलाच नाही. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली. बाबा त्याच धक्क्यात गेले. बारा वर्षं उलटली तसे गावचे सगळे आईच्या मागे लागले, आता त्याचं कार्य करून टाक, त्याला मोकळं कर. आई ऐकेना. जित्या पोराचं करू काय, म्हणायची. शेवटी मीच भांडून, रडून तिला तयार केलं. गुरुजी ठरले. कार्य दोन दिवसांवर आलं आणि ती नुसती भिंतीकडे बघत बसायला लागली, म्हणून त्या रविवारी तिला वॉकला ओढून नेलं.

भर दुपारी आम्ही खानावळीत बसलो. आई माझ्या शेजारी. तिच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. काकांनी तिथेही ताट वाढलं — सुरमई, भात, सगळं. मला वाटलं मोजण्यात चुकले असतील. मग त्यांनी आतून एक वेगळी वाटी आणून त्या ताटात ठेवली. मी म्हटलं, काका, इथे कोणी नाहीये.

"तुझो भाव हात धुवक गेलो मां?" काका म्हणाले. "तेनाच माका सांगल्यान, कढीत लसूण नको. मुद्दाम येगळी काढलंय."

आमच्या घरात सोलकढी लसणाशिवाय व्हायची ती फक्त दादासाठी. त्याला लहानपणापासून चालायचा नाही. काकांना मी दादाबद्दल कधी एका शब्दाने बोलले नव्हते, आई तर तिथे पहिल्यांदाच आली होती. मी वाटी उचलून चाखली. लसूण नव्हता.

"खंय आसा तो?" एवढंच विचारून आई उठली आणि मोरीकडे गेली. मोरीत कोणी नव्हतं. मागे दार नाही, खिडकी नाही. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारलं, कोणीच कोणाला पाहिलं नव्हतं.

गल्ल्यावर कॅमेरा आहे, त्याचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. आम्ही आत येताना दिसतो. थोड्या वेळाने काका खांबापाशी थांबतात, मान वाकवून काहीतरी ऐकतात, हसून मान डोलावतात आणि आत जातात. खांबाच्या आड कोण उभं होतं, ते दिसत नाही. कसा होता दिसायला, असं मी काकांना परत परत विचारलं. बिचारे डोकं धरून बसले. आवाज आठवतो म्हणाले, चेहरा नाही.

आई ताटासमोरून हलेना. भात गार झाला, खानावळ रिकामी झाली. संध्याकाळी कसंबसं तिला उठवलं. घरी येऊन तिने पहिलं काम काय केलं असेल, तर गुरुजींना फोन करून नको म्हणून सांगितलं.

"त्याचं ताट वाढलंय बाय. आता कसलं कार्य?"

तो नाही म्हणायचं तर ती वाटी कोणी मागितली? आणि आहे म्हणायचं, तर मग आईच्या शेजारी येऊन का बसला नाही? रागसुद्धा येतो हो मला. इतकी वर्षं समजावून तिला कुठे आणलं होतं, एका वाटीने सगळ्याची वाट लागली.

आता ती दर रविवारी माझ्याबरोबर येते. लेणी नको, म्युझियम नको, थेट खानावळीत जाऊन बसते आणि शेजारी ताट मांडायला लावते. काका मला बाजूला घेऊन म्हणतात, तिला आणू नकोस गं, माझ्याच्याने बघवत नाही. पण न आणून कसं चालेल? एकटी येईल ती.

या सगळ्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. कोणाला झाला तर सांगा, पण आईला सांगता येईल असा सांगा. गेल्या रविवारीही ते ताट तसंच राहिलं. उठताना आई म्हणाली, आज काम निघालं असेल त्याला, पुढच्या रविवारी येईल.

मी हो म्हटलं.