लूमवाल्यांचं देवक

आमच्या दुकानात कागद राहत नाहीत. लोक येतात, झेरॉक्स काढतात, आडनावाची दुरुस्ती करून घेतात आणि कागद घेऊन जातात. मागे राहतात ते किस्से. त्यांना ना फाइल ना नंबर, आणि लॅमिनेशन न करताही ते खराब होत नाहीत! सुरतेतल्या लिंबायतच्या या दुकानात टायपिंग करता करता माझ्याकडे इतके साठलेत, की थोडे बाहेर काढल्याशिवाय नवे मावायचे नाहीत.

दुकान अण्णांचं. अण्णा पूर्वी पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर होते. मशिनच्या आवाजाने कान जड झाले, तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. आमच्या लोकांचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, रेशनकार्डावर गुजरातीत आणि आधारवर इंग्रजीत. लिहिणारे तिन्हीकडे वेगळे. त्यामुळे एका आईचे चार मुलगे कागदावर चार खानदानांचे होऊन बसतात. ते पुन्हा एका घरात आणायचं काम अण्णांचं.

आणि खुद्द अण्णांचं आडनाव काय, तर लूमवाला! खान्देशी माणूस आणि लूमवाला? त्याचं असं झालं, की त्यांचे वडील भिका भावांशी भांडून सुरतेला आले आणि पुन्हा त्यांनी गावाचं नाव काढलं नाही. कारखान्यात भिका दोन होते. एक चहा आणायचा, एक लूम चालवायचा. मुनीमजींनी घोटाळा नको म्हणून यांच्या नावापुढे लूमवाला लिहून टाकलं. अण्णा लहान असतानाच आई-वडील दोघं गेले, आणि गाव, कूळ, जुनं आडनाव सगळं सोबत घेऊन गेले.

*

बाकीचे टायपिंगवाले आडनावाचं स्पेलिंग विचारतात. अण्णा कधीच विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न दोनच. लग्नाची पहिली पत्रिका कुठल्या देवापुढे ठेवता? आणि तुमचं देवक काय?

देवक म्हणजे घराण्याची खूण. लग्नाच्या मांडवात आधी तिची पूजा. कोणाचं झाड असतं, कोणाचं पान, कोणाचं धंद्यातलं हत्यार. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. अण्णा म्हणतात, कागद लिहिणारा चुकतो, पण मांडवात बाया चुकू देत नाहीत.

एकदा दुपारी बाकावर दोघं बसले होते. एक शिरसाठ, दुसरा शिरसाट. एकमेकांकडे पाठ करून. अण्णांनी पहिल्याला प्रश्न विचारले, त्याने देवी सांगितली आणि देवक उंबर सांगितलं. दुसऱ्यानेही तीच देवी आणि तोच उंबर सांगितला. मग आजोबांची नावं निघाली, आणि दोघांचे आजोबा सख्खे भाऊ निघाले!

 दुसरा राहायचा पहिल्याच्याच गल्लीत. रोज त्याच्या दारासमोर रिक्षा लावायचा, आणि त्यावरून दोघांचं कित्येक महिने वाजत होतं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "भाऊबंद आहे, म्हणूनच तर दारात लावतो."

*

चलथाणच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला येणारा मराठवाड्यातला एक माणूस होता. त्याच्या तीन कागदांवर तीन आडनावं. कुठल्याशा ऑफिसातले साहेब अडून बसले होते, की यातलं खरं कोणतं ते आधी ठरवा. अण्णा स्कूटर काढून चलथाणला गेले. मला वाटलं, आणखी एखादा दाखला आणतील. त्यांनी त्याच्या म्हाताऱ्या आईला आणलं आणि सरळ साहेबांच्या टेबलापुढे उभं केलं.

म्हातारीने तिन्ही कागदांवरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "साहेब, लेकरू एकच हाय. लिव्हणारे तीन व्हते."

साहेबांनी सही केली. वर म्हातारीला चहा पाजला.

*

आता वेबरसाहेब. हे जर्मन गृहस्थ एका कारखान्यात नवी लूम बसवायला सुरतेला आले होते. सहा फूट उंच, उन्हाने टोमॅटोसारखे लाल. एक दिवस कारखान्याचा माणूस, जिग्नेशभाई, त्यांना घेऊन आमच्याकडे आला. साहेबांजवळ एक लांबलचक कागद होता, दमट हवेने घड्यांवर फाटत चाललेला. त्याचं लॅमिनेशन करायचं होतं.

कागद उलगडला तर काय, अख्खी वंशावळ! सात वर्षं हा माणूस सुट्ट्या घालवून आपल्या आडनावाचं मूळ शोधत होता. एका फांदीवर वेबर, दुसरीवर वेवर, तिसरीवर वेब्बर. घराणं एकच, पण जुन्या काळी चर्चच्या वहीत पाद्री जसं ऐकेल तसं लिहायचा. गाव बदललं की बोली बदलायची, बोली बदलली की आडनाव. एक जण बोटीने परदेशी गेला, तर बोटीवरच्या कारकुनाने त्याला एक अक्षर जास्तीचं बहाल केलं.

अण्णा खूश झाले. म्हणाले, "म्हणजे तिकडेही मुनीमजी होतेच!"

मग त्यांनी विचारलं, की पण वेबर म्हणजे काय? जिग्नेशभाईने साहेबांना विचारून सांगितलं, की कापड विणणारा. अण्णांनी चष्मा काढला, खुर्चीतून उठले आणि साहेबांशी हात मिळवला.

"मग असं सांगा ना. हेही लूमवालाच."

*

पण वेबरसाहेबांची वंशावळ एका जागी अडली होती. एका गावात वेबरांची दोन घरं होती, आणि दोन्ही घरांत एकाच साली हाइनरिश नावाचा मुलगा जन्मला होता. यातला आपला खापरपणजोबा कोणता, हे कुठल्याच वहीत नव्हतं. सात वर्षांतली तीन तिथेच गेली होती.

अण्णांनी विचारलं, की तुमच्या घरी लग्नात दारावर काय लावतात? साहेब हसले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. पण अण्णा हटेनात. शेवटी साहेबांनी तिकडे बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, आजी प्रत्येक लग्नात एक जुना लाकडी धोटा रिबीन बांधून दारावर टांगायची. धोटा म्हणजे लूमवर इकडून तिकडे धागा नेणारी ती लाकडी होडी. तो हाइनरिशच्या घरातून आलेला आहे, एवढंच आजी सांगायची.

अण्णा म्हणाले, "हे तुमचं देवक. आता कागद सोडा आणि त्या गावातली दारं बघा."

साहेब मायदेशी गेले. दोन महिन्यांनी माझ्या फोनवर एक फोटो आला. त्या गावातलं एक जुनं घर, दगडी चौकट, आणि चौकटीच्या मधोमध कोरलेला धोटा. दुसऱ्या वेबरांच्या दारावर नुसता दगड. अडलेली फांदी सुटली! सात वर्षं चर्चच्या वह्या चाळणाऱ्या माणसाला उत्तर दिलं ते आमच्या लिंबायतच्या लूम मास्तरांनी. मी त्या दिवशी पेढे वाटले. आजही तो फोटो दाखवताना माझी मान ताठ होते.

अण्णांनी मात्र फोटो बराच वेळ बघितला आणि फोन परत दिला. म्हणाले, "नशीबवान आहे. त्याच्याकडे टांगायला काहीतरी होतं."

*

ते असं का म्हणाले, हे मला पुढे कळलं. अण्णांच्या लेकीचं, रेखाचं लग्न जमत होतं. मुलगा शेजारच्या गोडादऱ्याचा, पोरं एकमेकांना पसंत, दोन्ही घरं खूश. पण मुलाकडे सगळं चालतं ते त्याच्या आत्याबाईंच्या शब्दाने. त्यांनी बैठकीत विचारलं, की तुमचं देवक काय?

सगळ्या लिंबायतची देवकं तोंडपाठ असलेला माणूस खाली बघत बसला. त्यांच्या स्वतःच्या लग्नात हे कोणी विचारलंच नव्हतं.

आत्याबाई वाईट नव्हत्या, आणि त्यांचंही बरोबर होतं. देवक माहीत नाही, म्हणजे उद्या हे आमचेच भाऊबंद निघाले तर? बहीण-भावाचं लग्न लावायचं का? मांडवात देवक दाखवा, तरच अक्षता पडतील, असं सांगून त्या उठल्या.

रेखा आतल्या खोलीत रडत होती. अण्णा वडिलांचा फोटो घेऊन याआधीच खान्देशातली किती गावं फिरून आले होते. कोणी ओळखलं नव्हतं. मी आपली अक्कल चालवली. म्हटलं, अण्णा, एखादं झाड सांगून टाका, कोण बघायला येतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला टाइपरायटरखाली शिरावंसं वाटलं. म्हणाले, "ताई, लोकांची घरं शोधून दिली. आता लेकीसाठी कोणाच्या तरी घरात चोरून शिरू?"

मग मी त्यांना न सांगता एकच केलं. वेबरसाहेबांना सगळी हकिगत मांडवाच्या तारखेसकट कळवली. त्यांचं उत्तर आलं नाही.

मांडवाच्या दिवशी सकाळी पूजेचा पाट मांडला होता. पाटावर कलश, आणि देवकाची जागा रिकामी. अण्णा हात जोडून उभे. आत्याबाई समोर खुर्चीवर, तोंड घट्ट मिटून. इतक्यात दारात रिक्षा थांबली. आतून वाकून, डोकं सांभाळत वेबरसाहेब उतरले, मागून बॅग घेऊन जिग्नेशभाई. साहेबांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चपला काढून ते सरळ पाटापाशी आले, टॉवेल सोडला आणि आजीचा तो काळा पडलेला धोटा दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरला.

  अण्णांनी तो घेऊन कपाळाला लावला आणि पाटावर ठेवला.

 आत्याबाई उठून जवळ आल्या. धोट्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, पायापासून डोक्यापर्यंत.

"हाई कोणनं शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

अण्णा म्हणाले, "आमना भाऊबंदनं शे."

आत्याबाईंनी आणखी एकदा वर बघितलं. मग ताटातली हळद चिमटीत घेतली, धोट्याला लावली, वर कुंकू लावलं आणि मागे वळून बायकांना आणि वाजंत्र्यांना सांगितलं,

"आमनं देवक कळंब शे. हाई येगळं शे. वाजाडा!"