सहाच उत्तरं आली

१० जुलै. आदिलाबादच्या ऑफिसात प्रशिक्षणाचा पहिला दिवस. खुर्च्या पुसून एका ओळीत लावायचं काम मला सांगितलं. मीही शिकायलाच आले होते. कापसाच्या पाहणीची आकडेवारी भरणारे आम्ही सात जण. जो प्रोग्रॅमिंग शिकेल त्याचीच नोकरी पुढे चालणार, हे आधीच कळवलेलं. मी शेवटच्या, सातव्या खुर्चीवर बसले.

शिकवणारे सर हैदराबादचे, माझ्या भाच्याच्या वयाचे. म्हणाले, "जिनको इंग्लिश बोलना आता, खड़े हो जाव."

मला वाचता येतं. बोलता येत नाही. बसून राहिले. पहिला, दुसरा, चौथा, सहावा उभे राहिले.

सरांनी फळ्यावर लिहिलं. उभा तो ट्रू, बसलेला तो फॉल्स. सात माणसं, सात उत्तरं. मग फक्त ट्रूचे क्रमांक काढले. एक, दोन, चार, सहा. शिपायाला म्हणाले, "कंप्यूटर इनको दो."

मग कंप्यूटरला तेवढेच क्रमांक देऊन त्यांवरून पुन्हा ट्रू-फॉल्स करून दाखवलं. पडद्यावर सहाच उत्तरं आली. यंत्राने सर्वांत मोठ्या क्रमांकापर्यंतच मोजलं. एकूण किती जण, हे सरांनी त्याला सांगितलंच नव्हतं. तिसऱ्याला, पाचव्याला आपापला फॉल्स परत मिळाला. मला तोही नाही.

सर हसले. "अम्मा, मशीन के हिसाब से तो आप हैइच नहीं."

सगळे हसले. बसलेले दोघेही.

मी उभी राहिले. "मी इथंच हाव, सर. मलेबी कंप्यूटर पायजे."

शेजारची मुलगी शहरातल्या नोकरदार मराठी घरातली. माझी बाही ओढत म्हणाली, "काकू, बसा ना. उदाहरण आहे ते."

"उदाहरणाले मीच काऊन?"

सर पुढच्या धड्याकडे वळले. दुपारी डबा मागच्या पायरीवर खाल्ला. एकटीनेच. घरी जाताना भीमपूरच्या बसमध्ये ओळखीच्या दोघी होत्या, त्यांनाही काही सांगितलं नाही. काय सांगणार? फॉल्स म्हटलेला माणूस निदान मोजलेला तरी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाच्या आधी पोचले. दार उघडताच पहिल्या कंप्यूटरसमोर बसले. ज्याला तो दिला होता तो येऊन मागे उभा राहिला.

"ताई, हा माझा आहे."

"दुपारी बसा," मी म्हटलं आणि टाइप करायला लागले.

सर आले. मी उठले नाही.