हम्मारचं गवत

फिश टँकमधलं गवत वितळायला लागलं तेव्हा चासिबला वाटलं, उन्हाळा आहे, दुसरं काय. बसऱ्यात या दिवसांत माणसं वितळतात, गवताची काय कथा. त्यानं वरचं झाकण काढलं, पाण्यावर वारा लागेल असा टेबलफॅन लावला, दिवा निम्माच वेळ चालू ठेवला. वीज गेली की स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचा. तरी रोज सकाळी काही पानं पारदर्शक होऊन तळाशी पडलेली दिसायची. बोटांत धरली की लगदा.

चासिबचा जन्म हम्मारच्या दलदलीतला. सरकारनं तिथलं पाणी आटवलं तेव्हा म्हशी विकून तो शहरात आला आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करत म्हातारा झाला. दलदलीत पाणी परतल्यावर एकदा जाऊन त्यानं लांब फितीसारखं पाणगवत मुळांसकट आणलं होतं. टँकच्या तळाशी नदीचा गाळ, त्यावर धुतलेली वाळू, आणि त्यात ते गवत असं काही माजलं की शेजारीपाजारी बघायला येत. पुढे बाजारातून आणलेली रुंद पानांची रोपंही त्यात रुजली. बायको नूरिया मुलाच्या नावानं हाक मारून म्हणायची, "अबू सैफ, माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतंत तर मीही अशीच हिरवीगार राहिले असते."

 आता नदीत समुद्राचं पाणी चढलं होतं आणि नळाला खारं पाणी येत होतं. अंगाला लावलं तर खाज सुटायची, चहा केला तर घशाखाली उतरायचा नाही.

एका सकाळी चासिबनं टँकमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. नळाच्या पाण्याहून ते जास्त खारट होतं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पंख्यानं पाणी उडून जात होतं, मीठ मागे राहत होतं, आणि कमी झालं की तो वरून पुन्हा नळाचंच ओतत होता. गवत उन्हानं मरत नव्हतं. तोच त्याला मारत होता.

उपाय एकच, गोडं पाणी. ते टँकरनं यायचं आणि गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवायचं. पण त्या आठवड्यात पोरांनी पाण्यासाठीच रस्त्यावर टायर पेटवले होते, टँकर अडकला होता. टाकी तळाला गेली होती. घरात सून हौरा आणि तिची तान्ही मुलगी तबारक. मुलगा सैफ दूर तेलाच्या विहिरीवर कामाला.

दुपारी सगळे झोपल्यावर चासिबनं गच्चीवरून एक बादली आणली आणि हळूहळू टँकमध्ये सोडली. मासे वर येऊन फिरायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी मगानं काढून बादली घेऊन वळला तर दारात हौरा उभी. हातात दुधाची रिकामी बाटली.

"अम्मो," ती सासऱ्याला म्हणाली, "हे कुठलं पाणी?"

त्याची नजर टँककडे गेली.

"टाकीचं पाणी तोटीला येईना म्हणून सकाळी यम्मानं नळाचं पाणी उकळून दूध कालवलं. पोरीला तेव्हापासून जुलाब होतायत. आणि तुम्ही गवताला पाजताय?"

नूरिया मागून आली. "उकळलं होतं गं मी."

"उकळून मीठ जातं होय?" हौराचा आवाज चिरका झाला. "सैफला काय सांगू मी? तुमच्या बापानं काय केलं म्हणून सांगू?"

पाळण्यातली पोर रडतसुद्धा नव्हती, नुसती कण्हत होती. चासिबनं ती बादली हौराच्या पायाशी ठेवली, दोन रिकामे कॅन उचलले आणि तो बाहेर पडला.

पलीकडच्या हुसैनियाच्या सभागृहात गोडं पाणी वाटत होते, पण मध्ये रस्ता जळत होता. तोंडाला फडकं बांधलेल्या एका तरुणानं त्याला छातीवर हात लावून थांबवलं.

"हज्जी, मागे फिरा. पुढे गोळी लागेल."

"घरात तान्हं पोर आजारी आहे. पाणी पाहिजे."

"सगळ्यांच्याच पोरांना पाहिजे. उगाच उभे आहोत का इथं?"

"तुझं खरं आहे," चासिब म्हणाला. "पण ती आज जाईल."

तरुणानं त्याच्याकडे पाहिलं. मग एक कॅन स्वतः घेतला, त्याचं मनगट धरलं आणि भिंतीला खेटून त्याला धुरातून पलीकडे नेलं. पुढे कुठेतरी फटाफट आवाज झाले. दोघंही खाली बसले, उठले, पुन्हा चालले. परतताना दोन्ही भरलेले कॅन चासिबनं स्वतःच उचलले आणि वाटेत एकदाही खाली ठेवले नाहीत.

ती रात्र आणि पुढचे दिवस त्या पाण्यात साखर-मीठ कालवून चमच्या-चमच्यानं पोरीला पाजण्यात गेले. दवाखान्यात नेलं तर तिथल्या पडवीतही अशीच पोरं रांगेनं झोपवलेली होती. शेवटी तबारक भुकेनं जोरात रडली, तेव्हा नूरिया त्याच पाण्यात दूध कालवायला उठली.

चासिबनं मासे झुबेर गावातल्या एका मित्राकडे धाडून दिले आणि टँकला नळी लावली. खारं पाणी मोरीत जात असताना हौरा आली.

"गवताचं काय?"

"जाऊ दे ते."

ती स्वयंपाकघरात गेली. लोणच्याची बरणी स्वच्छ धुऊन तिनं त्यात गोडं पाणी भरलं आणि त्याच्यापुढे ठेवली. "यात मावेल तेवढं ठेवा. यापेक्षा एक थेंब जास्त मिळणार नाही."

चासिबनं बाह्या वर केल्या. मऊ पडलेली पानं बुडापासून छाटली, काळी मुळं तोडली. ज्यांचा गाभा घट्ट होता आणि मुळं पांढरी होती, तेवढेच कोंब बरणीत ठेवले. रुंद पानांच्या रोपांतलं एकही वाचलं नाही.

थंडी पडल्यावर नळाच्या पाण्यातला खारटपणा उतरला. बरणीतल्या गवतानं एक धुमारा सोडला, त्याला नवं पान फुटलं. गच्चीवरच्या टाकीला मात्र हौरानं कुलूप लावलं ते काढलं नाही. बरणीतलं पाणी कमी झालं की चासिब तिच्याकडे मागतो. ती चहाच्या पेल्यातून मोजकं देते. सैफला तिनं अजून काही सांगितलेलं नाही, आणि सांगणार की नाही हे विचारायची चासिबची छाती होत नाही.