यार्डातले अकरा थिरथिरे

हरिदास मेश्राम यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लाल झेंडी दाखवली. ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती पुढे आहे: ब्याण्णव किलोंचा मी, बागेतल्या सकाळच्या फेरीत भरधाव निघालेला, जागीच असा थांबलो की मागे थेट तेलीबांधा तलावापर्यंत माणसं एकमेकांवर आदळली, बागेतलं कारंजं बंद पडलं आणि सूर्य तीन मिनिटं लेट झाला.

"काहून धाडधाड चालून राहिले भैया?" ते कुजबुजले. "तिकडे पाहा. पाहुणा जेवून राहिला."

पाहुणा म्हणजे कुंपणावरचा चिमणीएवढा पक्षी. वर काळा, पोटाला विटकरी, आणि शेपटी अशी थरथरती, जणू आत मोटार बसवलीय. थिरथिरा. ऑक्टोबरात हिमालयाकडून येतो, मार्च सरता सरता परततो.

मेश्रामकाका छत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर ते बागेत येऊन पाखरांचं येणं-जाणं गाड्यांसारखं लिहू लागले. त्यांची वही मी पाहिली. 'धोबी, आला, राइट टाइम.' 'लिटकुरी, सहा दिवस लेट.' दर वर्षीच्या थिरथिऱ्याच्या पानावर मात्र 'सुटला' हा रकाना अकरा वर्षं कोरा. काकांचा नियम असा, की जे डोळ्यांनी सुटताना पाहिलं नाही ते सुटलं म्हणून लिहायचं नाही. थिरथिरा दर वर्षी एका सकाळी नुसता दिसेनासा होई. त्यामुळे वहीप्रमाणे अकरा थिरथिरे अजून बागेतच उभे होते.

"अकरा वर्षांपासून यार्ड जाम आहे," त्यांच्या पत्नी शेवंताकाकू म्हणाल्या. "अन् घरी गॅस संपला तं याईले दिसत नाई."

यंदा मार्चअखेरीस मीही सोबत बसलो. फाटक उघडताच आत. पक्षी खाऊन खाऊन गोल झालेला.

"लोड झाला," काका म्हणाले. "आज नाई तं उद्या. या साली मले त्याले हिरवी दाखवाचीच आहे."

वय चौऱ्याहत्तर, मांडीवर हिरवी झेंडी, पापणी लवेल तर शपथ. मी चहा पिऊन आलो, पोहे खाऊन आलो, बाकावर घोरलोसुद्धा. माणूस तसाच. अशा तीन सकाळी गेल्या. चौथ्या सकाळी कुंपणावर कोणी नव्हतं.

"लिहून टाका ना 'सुटला'," मी म्हणालो. "कोण तपासतंय?"

"मी."

मी सरकारी कचेरीत नोकरी करतो. न पाहिलेल्या कितीतरी गोष्टींवर 'पाहिले' अशी सही केली आहे. त्या क्षणी मला बाकाखाली लपावंसं वाटलं, पण तिथे मी मावत नाही.

संध्याकाळी त्यांच्या नातीने, अपर्णाने, फोनमध्ये शोधून सांगितलं, "आबा, ये तो रात को निकलते हैं. अंधेरे में."

काका एकदम खुलले. "अरे बावा, रातची गाडी! अन् मी सकाळी प्लॅटफॉर्मवर!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बागेच्या कार्यालयात अर्ज दिला: पुढच्या मार्चात पंधरा रात्री बसू द्यावं. सोबत वहीच्या, यंदाचं धरून, बारा पानांच्या प्रती, प्रत्येकीवर सही.

आठवड्याने उत्तर आलं. बाग रात्री नऊला बंद होते.