कुसुमताईंची तेलाची पारख

कुसुमताई ठाण्याच्या इस्पितळात वारल्याचा निरोप आला तेव्हा मी कल्याणच्या तेलगिरणीत होते, आमच्या छोट्या प्रयोगशाळेत. त्यांनीच लावलेली तापपेटी चालू होती. मी ती बंद केली आणि रजा मागायला गेले... त्याला महिना उलटून गेला.

घाण्यातून निघालेलं तेल खवट न होता किती तग धरेल, हे मोजणं त्यांचं काम. ताज्या तेलात त्याला जपणारं काहीतरी असतं. ते संपलं की तेल बिघडू लागतं, असं त्या सांगत. पेटीच्या उबेत तिळाचं आणि करडईचं तेल शेजारी ठेवून त्या रोज थोडं काढून तपासायच्या. त्यात आयोडाइड आणि स्टार्चचं पाणी घातल्यावर, बिघाड सुरू झाला असेल तर आयोडीन सुटून निळा रंग चढायचा. करडई लवकर हरायची, तीळ टिकायचे.

कॉलेजात असताना विषमज्वरात त्यांना वास येणं कायमचं बंद झालं होतं. गिरणीत हे फक्त मला ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात मुलांच्या वसतिगृहासाठी करडईचं तेल निघालं. मुकादमांनी ते तळहातावर चोळून हुंगलं आणि माल चांगला ठरवला. कुसुमताईंनी मात्र पेटीतला नमुना बघून तो अडवला. मालक चिडले. सगळ्यांदेखत त्यांनी वाटी पुढे केली.

"बाई, स्वतः हुंगून बघा ना!"

कुसुमताईंनी वाटी घेऊन टेबलावर ठेवली.

"मला वास येत नाही, मालक. कित्येक वर्षं झाली."

"मग तुम्हाला इथं ठेवलंय कशाला?"

"मुकादमांचं नाक खरं बोलतंय, पण ते आजचं. पोरं हे तेल महिनाभर खाणार आहेत."

नोकरी जाणार असंच आम्हाला वाटलं. पण मालकांनी माल थांबवला. काही दिवसांनी मुकादमांनीच एक डबा उघडला आणि तोंड फिरवलं. तेल साबणासाठी गेलं. पुढे करडईत तिळाचं तेल मिसळून ते जास्त टिकतं का, हे पाहण्यात कुसुमताई गुंतल्या.

गेल्या रविवारी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले. थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, मला जेवायला थांबवलं. आमटीला फोडणी देताना त्या भिंतीलगतच्या कुसुमताईंच्या रिकाम्या पाटाकडे न बघताच, सवयीनं म्हणाल्या, "हिंग घातला गं... छान खमंग वास सुटलाय. आता कढीलिंब."

मग त्यांचा हात थांबला. थोड्या वेळानं त्यांनी कढीलिंब घातला आणि त्याचाही वास हलक्या आवाजात सांगितला.