वानोळ्याचं पोतं

आमची हळद दुबईला जाते म्हटलं की वाशीमचे लोक अजून माझ्याकडे संशयानं बघतात. जाते हो, पण सासऱ्यांच्या तावडीतून सुटली तर.

गोदामाच्या दाराशी बाबांची खुर्ची. आलेला माणूस, मग तो हमाल असो की नुसता रस्ता विचारणारा, रिकाम्या हातानं गेला तर त्यांना घास उतरत नाही. ओंजळभर हळकुंडं त्याच्या पिशवीत पडतातच. वानोळा! पिकलेलं आधी चार घरी द्यायचं, ही रिठदच्या शेतावरची त्यांची रीत. त्याच घरात सुनेनं परदेशी व्यापार मांडला, त्याला बाबांचा काय इलाज?

आमचा पहिला कंटेनर निघायचा त्या सकाळी पोती मोजली, बरोबर भरली. वजन केलं, तर कमी. एखादं नाही, सगळीच पोती थोडी थोडी कमी. माल तुटला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला, असं तिकडच्या व्यापाऱ्यानं आधीच बजावलेलं. तपासणी होऊन पास झालेला माल तेवढाच. बाजारची हळद त्यात मिसळायची सोय नव्हती. बाबांकडे बघितलं.

"एकाच पोत्यातून घेतलं तं ते उघडं पडते," ते शांतपणे म्हणाले. "म्हून साऱ्यातून घेतलं."

रागही आला आणि हसूही. शेवटी दोन पोती उकलून बाकीची भरली आणि व्यापाऱ्याला फोन करून तूट सांगून टाकली. तो बराच कुरकुरला, पण आणखी एक संधी दिली. ती गेली असती तर दुकानच बंद.

पुढच्या हंगामात खुर्चीजवळ एक वेगळं पोतं ठेवलं. म्हटलं, बाबा, हे तुमचं. खुशाल वाटा, पण यातूनच.

कंटेनर भरायची वेळ आली. वजन चोख उतरलं. बाबांचं पोतं एव्हाना संपलं असेल म्हणून मी उचलायला गेले, तर हलेना. आल्या-गेल्याला हल्ली चहावरच वाटेला लावत होते.

"वाटून खाली केलं," ते म्हणाले, "अन् उद्या पाव्हणा आला, तं त्याले काय देऊ?"

साठा राखून ठेवायचा, हेच शिकायला मी पुण्यात एमबीएची फी भरली होती.

मग म्हटलं, घरची हळद संपलीय, थोडी द्या. बाबांनी आधी विचारलं, खरंच संपली का? मग दोन हळकुंडं काढून दिली आणि पोत्याचं तोंड सुतळीनं पुन्हा बांधलं.